आधी कान, मग मूठ



चातुर्मासातल्या भाज्या, दशलक्षण पर्वातला स्वयंपाक, नाहीतर बँकेच्या फॉर्मवरची वारसाची रकाने, असले माझे नेहमीचे विषय. आजचा विषय जरा वेगळा आहे. एका काल्पनिक खेळातल्या साधूला सगळ्या जीवांची भाषा केव्हा यावी, यावर मला मत द्यायचं आहे. हसू नका. गेले सहा महिने माझ्या डोक्यात हाच प्रश्न आहे, आणि तो जितका उलगडत जातो तितका तो आपल्याच घरातला प्रश्न वाटायला लागतो.

माझं मत आधीच सांगते. त्या साधूला ऐकू येण्याची शक्ती अगदी सुरुवातीला मिळायला हवी, मुठीला जोर यायच्या आधी. बोलण्याची शक्ती उशिरा मिळाली तरी चालेल. आज तो खेळ बरोबर उलटं करतो.

आता खेळ काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघे त्याचे कर्ते. यात पट नसला तरी चालतं, सोंगट्या नसल्या तरी चालतं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी पुजारी, कोणी चोर. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. तो सांगतो, "समोर दलदल आहे, वेत हलतोय, काय करता?" मग ज्यानं त्यानं सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. माझ्या लेकीचा मुलगा, चौदा वर्षांचा, पुण्यात मित्रांबरोबर दर शनिवारी खेळतो. मे महिन्यात तो सांगलीला आला तेव्हा नियमांचं जाडजूड पुस्तक बरोबर घेऊन आला. मी जुनी बी.कॉम. नियमांचं पुस्तक दिसलं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. आयकर कायदा वाचलेल्या बाईला हे पुस्तक जड जात नाही.

त्याचं पात्र आहे मंक, म्हणजे साधू. पण आपल्या मनात साधू म्हटल्यावर जे येतं ते नव्हे. हा चिनी कुंगफूच्या सिनेमातला साधू. शस्त्राशिवाय हातापायांनी लढणारा. १९७५ साली 'ब्लॅकमूर' नावाच्या पुरवणी पुस्तकातून तो खेळात आला. प्रत्येक पात्र पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं आणि विसाव्यापर्यंत जाऊ शकतं. अनुभवाचे गुण जमले की पुढची लेव्हल, आणि प्रत्येक लेव्हलला काहीतरी नवी शक्ती.

आता या मंकची जमाखर्चाची वही बघा. २०१४ सालच्या पुस्तकाप्रमाणे पहिल्या लेव्हललाच त्याला हातापायांची लढाई येते. तिसऱ्या लेव्हलला येणारा बाण तो हातानं झेलतो. पाचव्याला एका दमात जास्तीचा वार आणि समोरच्याला बधिर करणारा तडाखा. सातव्याला मनाची स्थिरता. नवव्याला भिंतीवरून आणि पाण्यावरून धावणं. दहाव्याला विष आणि रोग बाधत नाहीत. आणि मग कुठे तेराव्या लेव्हलला एक सुंदर नावाची शक्ती मिळते: 'टंग ऑफ द सन अँड मून', सूर्यचंद्राची वाणी म्हणू या. ती आली की मंकला सगळ्या बोलल्या जाणाऱ्या भाषा कळतात, आणि ज्याला कुठलीही एक भाषा येते अशा प्रत्येकाला मंकचं बोलणं कळतं.

म्हणजे मुठीला जोर पाचव्याला, आणि भाषा तेराव्याला. मधे आठ लेव्हल.

हे नेहमीच असं नव्हतं. १९७८ च्या पुस्तकात मंकला तिसऱ्याच लेव्हलला प्राण्यांशी बोलता यायचं आणि आठव्या लेव्हलला झाडांशी. आठव्याची गंमत अशी की त्या लेव्हलचे जगात तीनच मंक असायचे. जागा रिकामी नसेल तर त्यांतल्या एकाला निःशस्त्र द्वंद्वात हरवावं लागे. झाडाशी दोन शब्द बोलण्यासाठी आधी दुसऱ्या साधूला बुकलायचं! तरीसुद्धा त्या पुस्तकात प्राण्यांचं ऐकणं तिसऱ्या पायरीवर होतं, हे मला आवडलं. मग २००० सालच्या आवृत्तीत ही शक्ती सतराव्या लेव्हलला गेली. तिथे ती कुठल्याही सजीवाशी बोलण्याची होती, पण सतरावी म्हणजे जवळजवळ शिखर. २०१४ मध्ये ती तेराव्याला खाली आली, पण आक्रसली. भाषा असलेल्यांपुरतीच राहिली, मुके जीव बाहेर पडले. आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात ती काढूनच टाकली. तेराव्या लेव्हलला आता मंकला वार परतवण्याची वाढीव ताकद मिळते. जिथे वाणी होती तिथे आणखी एक ढाल आली.

बाकीच्या पात्रांकडे पाहिलं तर हा अन्याय जास्त दिसतो. जादूगाराला पहिल्याच लेव्हलला परकी भाषा तासभर समजण्याचा मंत्र घेता येतो. पाचव्या लेव्हलला समजण्याचा आणि बोलण्याचाही मंत्र त्याच्या आवाक्यात येतो. वनदेवतेची उपासना करणाऱ्या ड्रुइडला पहिल्या लेव्हलपासून प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र आहे. रानातल्या बुटक्या नोमला तर लहान प्राण्यांशी साधं बोलणं जन्मतःच येतं. आणि जो माणूस सगळं सोडून डोंगरावरच्या मठात बसला, श्वास मोजत बसला, त्याला मात्र कोणाचं काही कळत नाही. मंत्र तासाभरात संपतो आणि मंकची वाणी कायमची असते, हे मला मान्य आहे. पण माझ्यातली कॉमर्सची बाई विचारते, ही पॉलिसी तेराव्या वर्षी मॅच्युअर होणार, आणि किती जण तोवर हप्ते भरतात? नातू म्हणतो, बहुतेक गोष्टी दहाव्या लेव्हलच्या आतच संपतात. कोणाची परीक्षा येते, कोणी गाव बदलतं, डीएमला कंटाळा येतो. म्हणजे ज्या लाभासाठी नाव एवढं सुंदर दिलं तो लाभ बहुतेकांच्या हाती लागतच नाही.

आता मी केलेला हिशोब सांगते, कारण माझं मत पक्कं झालं ते या आकड्यांनी.

या खेळात अनुभवाचे गुण मुख्यतः शत्रूला हरवून मिळतात. संवादानं प्रश्न सोडवला तरी डीएम गुण देऊ शकतो, तशी सोय पुस्तकात आहे. पण भाषाच येत नसेल तर संवाद करणार कोणाशी? दलदलीत राहणारे सरड्याच्या अंगाचे लोक या खेळात आहेत, लिझर्डफोक. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे त्यांना फक्त ड्रॅगनांची भाषा येते, आपल्या पात्रांची बोलीभाषा येत नाही. एकाला हरवलं की १०० गुण. तिसऱ्या लेव्हलला पोहोचायला ९०० गुण लागतात, म्हणजे नऊ जण. तेराव्या लेव्हलला लागतात १,२०,०००. भागाकार करा. १,२०० जण. आणि गुण चौघांत वाटले जातात, म्हणजे चौघांनी मिळून ४,८००. प्रत्यक्षात पुढे मोठे शत्रू येतात, त्यांचे गुण जास्त, म्हणून आकडा एवढा होत नाही. पण अर्थ बदलत नाही. समोरच्याचं बोलणं कळण्याचा अधिकार मंकला मिळतो तो इतक्या जणांना आडवं केल्यावर. ज्यांचं ऐकायचं होतं ते सगळे तोवर वहीच्या खर्चाच्या बाजूला गेलेले.

नातवाच्या टेबलावर हे असंच झालं. तेव्हा त्यांच्यात जादूगार नव्हता. योद्धा, चोर, पुजारी आणि आमचा मंक, सगळे चौथ्या लेव्हलवर. दलदल ओलांडताना वेतातून सहा लिझर्डफोक उठले, हात वर करून काहीतरी ओरडायला लागले. कोणालाच कळेना. चोरानं बाण सोडला आणि लढाई सुरू झाली. सहाही पडले. ६०० गुण, प्रत्येकी दीडशे. मग पलीकडे गेल्यावर डीएमनं सांगितलं, वेताच्या आड मऊ गवतात अंडी आहेत. ते सहा जण ओरडत होते की इकडून येऊ नका, डावीकडून वाट आहे. नातू मला सांगत होता, "आज्जी, आम्ही दोन मिनिटं कोणीच काही बोललो नाही. मग एकानं विचारलं, पण गुण राहतात ना?" गुण राहिले.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, अहो, हे सगळं खोटं आहे. कागदावरची पात्रं, कोणाचं रक्त सांडलं? तर मैत्रिणींनो, यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. त्यानं आईच्या आग्रहानं पिठाचा कोंबडा कापला. पिठाचाच होता. तरी मायलेकांना जन्मामागून जन्म त्याचं फळ भोगावं लागलं, कारण कापताना मनात होता तो जिवंत कोंबडा. म्हणून मी नातवाला खेळ बंद कर असं म्हणते का? नाही. मुलं चार तास मोबाइल खाली ठेवून एकमेकांच्या तोंडाकडे बघत गोष्ट रचतात, हे आजकाल कुठे दिसतं? खेळ चालू दे. पण त्यातले नियम मुलांना कुठल्या क्रमानं काय शिकवतात, हे बघायला हवं. पिठाचा कोंबडा कापायच्या आधी त्याची बांग कळली असती तर कदाचित सुरी खाली ठेवली गेली असती.

आता एक आक्षेप, जो माझा मीच घेतला. आणि तो जबरदस्त आहे.

आपल्याकडे आत्म्याच्या वाटचालीच्या चौदा पायऱ्या सांगितल्या आहेत, चौदा गुणस्थानं. त्यांतलं तेरावं कोणतं? सयोगकेवली. केवलज्ञान झालेलं आहे, पण देह, मन, वाणी अजून आहेत. तीर्थंकरांची दिव्यध्वनी खिरते ती याच गुणस्थानात. समवसरणात बारा सभा, त्यात देव, माणसं, पशुपक्षी, आणि प्रत्येकाला ती वाणी आपापल्या भाषेत कळते. पुढे चौदाव्याला वाणीसुद्धा थांबते. मी पुस्तकात तेरावी लेव्हल आणि सगळ्यांना कळणारी वाणी हे एकत्र वाचलं तेव्हा अंगावर काटाच आला. हा निव्वळ योगायोग आहे, त्या लेखकांनी आपलं गोम्मटसार थोडंच उघडलं असणार. पण मग प्रश्न पडतोच. आपल्या शास्त्रातही सर्वांना कळणारी वाणी तेराव्याच पायरीवर असेल, तर खेळाचं काय चुकलं?

यावर मी बरेच दिवस विचार केला. फरक तेराव्या पायरीत नाही, खालच्या बारा पायऱ्यांत आहे.

आपल्या वाटेवर सहाव्या गुणस्थानाला मुनिव्रत येतं. तिथेच भाषासमिती आणि वचनगुप्ती येतात. काय बोलावं, किती बोलावं, केव्हा गप्प बसावं, याचा अभ्यास सुरू होतो, आणि हात तर त्याआधीच आवरलेला असतो. महावीर भगवान दीक्षेनंतर साडेबारा वर्षं बहुतेक मौनात राहिले. पण त्या साडेबारा वर्षांत त्यांनी कोणावर हात उगारला नाही. वाणी उशिरा आली, कारण मूठ आधीच उघडली होती. आणि आणखी एक गोष्ट. आपली दिगंबर परंपरा सांगते की केवलज्ञान झाल्यावरही सहासष्ट दिवस दिव्यध्वनी खिरली नाही. गणधर नव्हता म्हणून. इंद्रभूती गौतम आले, ग्रहण करणारा कान आला, तेव्हा वाणी आली. साक्षात तीर्थंकरांची वाणीसुद्धा ऐकणाऱ्यासाठी थांबली. आपल्याकडे ऐकण्याची जागा बोलण्याच्या आधी आहे ती ही अशी.

खेळातला मंक मात्र बारा पायऱ्या मौनात काढत नाही. तो बारा पायऱ्या मारामारीत काढतो आणि तेराव्याला त्याला वाणी मिळते. वरची पायरी आपल्यासारखी, जिना मात्र भलताच. जिना तसाच ठेवायचा असेल तर वाणीचा एक भाग, निदान कानाचा भाग, खाली आणायलाच हवा.

दुसरा आक्षेप नातवाच्या मित्राचा. तो म्हणाला, साधू गप्पच शोभतो, त्याला कशाला भाषा? मुलगा हुशार आहे, पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बोलता येत असताना न बोलणं म्हणजे मौन. बोलता येत नाही, कळत नाही म्हणून गप्प बसणं हा मुकेपणा. मौनाला व्रत म्हणतात, मुकेपणाला कोणी व्रत म्हणत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझं लग्न झालं तेव्हा मी बी.कॉम. झालेली होते. घरच्या दुकानाची वही रात्री माझ्याकडे बेरजा तपासायला यायची. चूक सापडली की ती पेन्सिलीनं लिहून ठेवायची, शाईनं नाही. पण दुकान वाढवायचं का, कर्ज काढायचं का, असं बोलणं निघालं की मी चहाचा ट्रे ठेवून आत यायचं, अशी घराची रीत. मला सगळे म्हणत, सून किती शांत आहे! ते मौन नव्हतं. काम पहिल्या दिवसापासून आणि बोलणं मुलगा दहावीला गेल्यावर, अशी ती लेव्हल होती. मामंजींनी त्या वर्षी पहिल्यांदा विचारलं, "तुझं काय मत आहे?" त्यानंतर मी पुष्कळदा मुद्दाम गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याला वजन होतं. तोवर नव्हतं. ज्याला शब्द दिलेलेच नाहीत त्याच्या संयमाचं कौतुक करू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. मंकच्या गप्प राहण्याला खेळात काही किंमत यायची असेल तर त्याला समोरचं कळलेलं असलं पाहिजे, आणि तरीही तो शांत राहिला पाहिजे.

तिसरा आक्षेप डीएम मंडळींचा. सगळ्या भाषा लवकर दिल्या तर गोष्टीतली कोडी सुटून जातील, गंमत जाईल. यात तथ्य आहे. म्हणून तर मी म्हणते, शक्तीचे दोन तुकडे करा. ऐकणं वेगळं, बोलणं वेगळं. आणि खेळाचं स्वतःचं गणितही माझ्या बाजूनं आहे. मंकचा मोठा गुण आहे शहाणपण, विज्डम. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याचं कौशल्य या खेळात शहाणपणावरच चालतं. उलट मन वळवण्याचं कौशल्य चालतं करिश्म्यावर, आणि तो बहुतेक मंकांचा यथातथाच असतो. म्हणजे हे पात्र बेतलंय ते ऐकणाऱ्याचं, वक्त्याचं नाही. त्याला आधी कान दिला तर कोणाचं काम हिरावलं जात नाही. गोड बोलून राजाला जिंकणारा बार्ड आपल्या जागी राहतोच. कोडी तर जादूगार पहिल्या लेव्हललाच सोडवू शकतो, त्याला कोणी अडवत नाही.

आणि "आज्जी, मग मारामारी कधी?" हा नातवाचा प्रश्न. होईल की. समोरचा काय म्हणतोय हे कळलं म्हणून तो मित्र होतो असं नाही. कधी कळेल की तो खरोखरच तुम्हाला खायला आलाय. आपल्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून मारणं ही संकल्पी, ती गृहस्थानंही टाळायचीच. स्वतःच्या, घराच्या, गावाच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी, तिच्यातून गृहस्थाची सुटका नाही. आता सांगा, दलदलीतल्या त्या लढाईला काय म्हणायचं? मुलांना वाटलं विरोधी. प्रत्यक्षात विरोधी हिंसा ते सहा जण करत होते, आपली अंडी वाचवत होते. भाषा कळली नाही तर आपली बाजू कोणती हेच कळत नाही. लढाई कमी व्हावी म्हणून मी कान मागत नाहीये. कोणती लढाई खरी आहे ते कळावं म्हणून मागतेय.

तर माझा प्रस्ताव असा. २०१४ च्या नियमांवर बसेल असाच बेतलाय.

तिसऱ्या लेव्हलला, जेव्हा मंक आपला पंथ निवडतो, तेव्हाच त्याला ऐकण्याची शक्ती द्यावी. प्राणशक्तीचा एक गुण खर्च करून दहा मिनिटं त्याला समोरच्या कुठल्याही जीवाची बोलली जाणारी भाषा कळेल. बोलता येणार नाही, फक्त कळेल. अट एकच: त्या भेटीत त्यानं हात उगारलेला नसावा. हात उगारला की ती शक्ती त्या दिवसापुरती गेली. आपण सामायिकाला बसतो तेव्हा जसं एकाच वेळी दोन कामं चालत नाहीत, तसंच.

सातव्या लेव्हलला मनाची स्थिरता येतेच, तिथे हे ऐकणं कायमचं करावं, आणि त्यात मुके प्राणीही धरावेत. वाक्यं नकोत. भूक, भीती, पिल्लं जवळ आहेत की नाहीत, एवढं कळलं तरी पुष्कळ. १९७८ च्या पुस्तकातून जे सांडलं ते अशानं परत येईल.

आणि तेराव्या लेव्हलला सूर्यचंद्राची वाणी, पूर्ण. जो बोलतो त्याला आणि जो बोलत नाही त्यालाही मंकचं म्हणणं कळेल. ही पायरी मी मुद्दाम हलवत नाही. इतकी वर्षं ऐकलेल्या माणसाच्या तोंडी ती वाणी शोभेल. २०२४ च्या पुस्तकाप्रमाणे खेळणाऱ्यांनी ती घरच्या नियमात परत आणावी. घरचे नियम करण्याची मुभा या खेळात असतेच, आणि घरचे नियम करण्यात आपल्याला कोण हरवणार?

नातवाच्या डीएमनं यातली पहिली पायरी मान्य केली आहे, "करून बघू" म्हणाला. पुढच्या गोष्टीत त्यांना एक गुहा लागणार आहे म्हणे, आत कोण आहे ते अजून कोणाला माहीत नाही. मी नातवाला एवढंच सांगितलं, आत शिरल्यावर आधी खाली बस.

तुमच्या घरी मुलं-नातवंडं असला काही खेळ खेळत असतील तर एकदा जवळ बसा. फासे नका टाकू, नुसतं ऐका. त्यांना विचारा, तुमच्या साधूला समोरच्याचं कळतं का रे? नसेल कळत, तर कधीपासून कळणार? उत्तर काहीही येवो, त्यावरून जेवणाच्या टेबलावर चांगलं तासभर बोलणं होईल. आणि त्या बोलण्यात घरातल्या सगळ्यात गप्प माणसालाही एकदा विचारा, तुझं काय मत आहे म्हणून.